मुदतीनंतर आलेलं वाक्य

आमच्या घरासमोर कोव्हायचं झाड आहे. न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटमध्ये ते दर दुसऱ्या घरासमोर असतं, त्यामुळे त्यात माझं कौतुक काही नाही. सप्टेंबर लागला की ते हळदीच्या रंगाच्या, लांबट, खाली मान घातलेल्या फुलांनी भरून जातं. तुई पक्षी येऊन त्यातला मध पितात आणि लग्नघरातल्या मामांसारखे एकमेकांशी भांडतात. मागोमाग वारा येतो. आमच्या भागात वारा घरमालकासारखा वावरतो, कधीही येतो आणि काहीही हलवतो. तो ही फुलं उडवून माझ्या गाडीच्या काचेवर टाकतो, वायपरमध्ये अडकवतो, आणि मी ती तशीच मिरवत फार्मसीत कामाला जाते.

या दिवसांत लोकांना शिंका येतात. मला अपराधी वाटतं. शिंकांवर माझ्याकडे गोळी आहे.

यंदाही झाड फुललं. पहिलं फूल वायपरखाली दिसलं आणि गेल्या वर्षीचा सप्टेंबर जसाच्या तसा समोर आला. तेव्हा ईरा, आमची लेक, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आता ती डनीडनला विद्यापीठात आहे आणि मेसेजला अंगठा पाठवते. तेव्हा आप्पा, माझे वडील, साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेले होते. आणि घरात आणखी एक पाहुणा होता, तो म्हणजे अमेरिकेचा इतिहास.

म्हणजे बघा, साताऱ्याच्या बाईची हटमध्ये वाढलेली मुलगी अमेरिकेचा इतिहास शिकणार. मी म्हटलं, "अगं, आपला आहे ना एवढा मोठा, तो कुणी वाचायचा?" ईरा म्हणाली, "मम, तुला तरी येतो का?" तिथं तो विषय संपला.

(एक सांगून ठेवते. ईरा मराठी बोलत नाही. जन्मापासून आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तेव्हा या लेखात ती जे मराठी बोलते ते माझं आहे. माझ्या भाषांतरावर कितपत विश्वास ठेवायचा हे पुढे तुमचं तुम्हीच ठरवा.)

वर्ग वरच्या पातळीचा होता, निवडक मुलांचा. शिकवणाऱ्या मिस टॅलबट मूळच्या अमेरिकेतल्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि वारा कितीही असला तरी छत्री उलटू न देणाऱ्या. इथल्या शाळा फेब्रुवारीत उघडतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'या वर्गाकडून अपेक्षा आणि नियम' अशी चांगली जाडजूड पानं घरी पाठवली. खाली पालकांची सही हवी होती. मी भाजी परतत होते. उलथनं डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं सही केली.

न वाचता नाही हं. मराठी पालक जेवढं वाचतो तेवढं वाचलं, म्हणजे कशाला किती गुण आहेत ते. बाकीचं माझा नवरा नितीन वाचायचा. त्याला नियम वाचायला फार आवडतं. मायक्रोवेव्हबरोबर आलेलं पुस्तकही त्यानं शेवटपर्यंत वाचलंय. जेवताना तो ती पानं खटल्याच्या निकालासारखी मोठ्यांदा वाचून दाखवायचा. "वर्गात येण्याआधी दिलेलं वाचून यावं. वाचलं नसेल तर तसं सांगावं, नाटक करू नये. मत खोडावं, माणूस खोडू नये. यंत्राकडून लिहून घेतलेलं आपलं म्हणून देऊ नये. मुदतीनंतर आलेलं काही स्वीकारलं जाणार नाही, कारण काहीही असो." आणि मग आमच्यासारख्यांसाठी खास: "पालकांनी मुलांचं काम सुधारून देऊ नये."

"हे आपल्याला उद्देशून आहे," नितीन म्हणाला.

मला राग आला. सुधारून द्यायचं नाही तर आईबाप आहेत कशाला? मार्चमधल्या पालकसभेत मी मिस टॅलबटना विचारलं होतं की परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचे धडे कोणते. त्यांनी माझ्याकडे फार प्रेमळपणे पाहिलं, आपण बस चुकलेल्या माणसाकडे पाहतो तसं. "ज्यांच्याशी तिला भांडावंसं वाटेल ते," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी नितीनला सांगितलं की बाई हुशार आहेत पण पोर्शन पूर्ण करतील असं वाटत नाही.

आप्पा मेमध्ये आले. आई गेल्यापासून ते साताऱ्यात एकटे. आई गेली तेव्हा कोविडमुळे इथल्या सीमा बंद होत्या, मी फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. म्हणजे ठरवलंय तसं.

आप्पा टेलिफोन खात्यातले. तरुणपणी एक्स्चेंजला बसून ट्रंक कॉल जोडायचे. पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांना बिलांच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं, आणि लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचा सराव त्यांना तिथेच झाला. इथल्या थंडीत ते नितीनचं जाड जॅकेट घालून, जॅंडल्सच्या अंगठ्यापाशी मोजा कोंबून घरभर फिरायचे. नितीन सांगून थकला की बाबा, जॅंडल्स म्हणजे उन्हाळ्यातल्या चपला. आप्पा म्हणायचे, "पायाला काय कळतंय?"

दुपारी ईरा शाळेतून आली की दोघं पत्ते खेळायची. ती म्हणायची, "युवर टर्न, आजोबा." ते म्हणायचे, "हुकूम काढ गं, लपवू नको, दिसतोय मला." ती हुकूम काढायची. ते म्हणायचे, "तुझी आई पण अशीच रडीचा डाव खेळायची लहानपणी." ती माझ्याकडे बघून फिस्सकन हसायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर महिनोन् महिने चाललं होतं. तरी मला काही कळलं नाही.

त्या काळात वर्गात अमेरिकेला बोटीनं गेलेल्या लोकांचा अभ्यास सुरू होता. ईरा रोज जेवताना कुणाचं ना कुणाचं सांगायची. कुणी आयर्लंडहून गेलेलं, कुणी इटलीहून. गेलेल्यांनी घरी पाठवलेली पत्रं आहेत, फोटो आहेत, बोटीवर चढताना बांधलेल्या गाठोड्यांची वर्णनं आहेत. मग एके दिवशी मिस टॅलबटनी विचारलं, "धक्क्यावर उभे राहिलेले कुठे आहेत?" त्यावरच वर्षातलं सगळ्यात मोठं काम दिलं. आपल्या घरातल्या किंवा ओळखीतल्या अशा माणसाची मुलाखत घ्या, जो गेला नाही, ज्याच्या घरचं कुणीतरी गेलं. आणि मग त्या अमेरिकेच्या कागदांशी ती ताडून बघा.

"आजोबा!" ईरा म्हणाली.

"काय गं?" आप्पा म्हणाले, आणि त्यांना वाटलं पत्त्यांचा डाव मांडायचाय.

मी लगेच म्हटलं, "दुभाषी मी होईन."

ईरा म्हणाली, "मला थोडंफार जमेल, मम."

"तुझं थोडंफार आजोबांना झेपायचं नाही. मी आहे ना!"

'मी आहे ना' हे वाक्य मी आयुष्यात जिथं जिथं वापरलंय तिथं तिथं काहीतरी बिघडलेलं आहे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. हीट पंप घरघरत होता, बाहेर वाऱ्यानं कपड्यांची दोरी गरगर फिरत होती आणि तिच्यावरचे नितीनचे शर्ट एकमेकांना गुद्दे मारत होते. आप्पांनी मुलाखत म्हणून खास केस विंचरले होते. ईरानं फोन रेकॉर्डिंगला लावून उशीवर ठेवला.

पहिले प्रश्न सोपे होते. गाव कुठलं, काम काय. आप्पा दोन वाक्यं बोलायचे, मी दोन वाक्यं बोलायचे. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं. मग ईरानं विचारलं, "मम न्यूझीलंडला जाणार हे कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

हे उत्तर मला पाठ होतं. आमच्या मंडळाच्या गणपतीला, कुणाच्या बारशाला, बार्बेक्यूला, जिथं चार माणसं बसली तिथं मी ते सांगते. इकडे यायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागायची. माझा निकाल लागला त्या दिवशी आप्पांनी सगळ्या ऑफिसात कंदी पेढे वाटले. सुरुवातीला गोष्टीत पेढे अर्धा किलो होते. वीस वर्षांत ते पाच किलोपर्यंत गेले आणि त्यांत साहेबांच्या डोळ्यांतलं पाणीही आलं. मी प्रश्न मराठीत केला आणि पेढ्यांची वाट बघत बसले.

"पेढे वाटले," आप्पा म्हणाले. मी ईराकडे विजयानं पाहिलं. "वाटावेच लागतात, लोक विचारतात. पण खरं सांगू का? निकाल लागेपर्यंत मी रोज ऑफिसला जाताना कोपऱ्यावरच्या गणपतीपुढं सायकल थांबवायचो आणि म्हणायचो, बाबा रे, हिला नापास कर."

आप्पा हसले. सायकलची घंटा वाजवावी तसं, छोटंसं.

"ही म्हणायची ना की लिसनिंगचा पेपर अवघड असतो, ऐकून उत्तरं लिहायची, ते जमत नाही. मग म्हटलं, देवा, बाकी सगळ्यात पास कर, पोरीचा अपमान नको. त्या ऐकायच्या पेपरात तेवढं बघ."

ईराचं पेन थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. आप्पाही माझ्याकडे बघत होते, मी ते पुढं पोचवायची वाट बघत.

मी म्हटलं, "ते म्हणतात, माझ्या परीक्षेसाठी त्यांनी रोज गणपतीला सांगितलं. विशेषतः लिसनिंगच्या पेपरची त्यांना फार काळजी होती."

शब्दाला शब्द लावून बघा. यात खोटं एकही नाही.

"एवढंच?" ईरानं विचारलं.

"जवळजवळ."

"मग पेढे वाटल्यावर?" तिनं पुढचा प्रश्न केला. मी तो मराठीत केला.

"मग काय. महिनाभर त्या रस्त्यानं गेलो नाही. मागच्या गल्लीतून जायचो. त्याचं तोंड बघायला नको वाटायचं. तुझी आजी म्हणायची, अहो, देवावर कसले रुसता?"

"नंतर ते दुसऱ्या रस्त्यानं ऑफिसला जायला लागले," मी इंग्रजीत म्हटलं.

"का?"

"ट्रॅफिक," मी म्हटलं.

आणि मी चहा बघायला उठले. स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी उभी राहिले. चहा ठेवलेलाच नव्हता.

दोन दिवसांनी ईरानं एक कागद पुढं केला. मुलाखत घरच्या भाषेत घेतली असेल तर दुभाष्यानं सही करायची होती. मी सही केली. ती कागद घेऊन गेली नाही. उभीच राहिली. मग फोन पुढं करून म्हणाली, "परत एकदा ऐकायचंय का तुला?"

"मी होते की तिथं. काय ऐकायचं परत?"

"ओके," ती म्हणाली. "स्वीट ॲज." इथली मुलं हे 'सगळं छान' या अर्थानं म्हणतात. ती तसं म्हणाली नाही.

त्या रात्री जेवताना नितीननं नेमकं तेच पान काढलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो आपला त्याच्या छंदात. "ऐका. 'स्रोताला नीटनेटकं करू नका. माणूस अडखळला तर अडखळलेला लिहा, चुकला तर चुकलेला लिहा. त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका, त्याच्या तोंडचे काढूनही घेऊ नका. दुभाषी असल्यास भाषांतर पूर्ण असल्याची त्यानं सही करावी. बदललेला स्रोत वापरल्याचं दिसलं तर ते काम तपासलं जाणार नाही.' काय बाई आहे! आपल्या कंपनीत पाहिजे."

"पोळी घ्या," मी आप्पांना म्हटलं.

आप्पांच्या ताटात पोळी होती.

म्हणजे आता ईराचं वर्षाचं काम माझ्या एका 'ट्रॅफिक'वर उभं होतं. ती मुदतीच्या आधी मला दुरुस्त करू द्यायला तयारच होती, मी फक्त तोंड उघडायचं होतं. मी उघडलं नाही. का नाही? पेढ्यांच्या गोष्टीवर मी वीस वर्षं इथं उभी होते. आप्पांनी हसत निरोप दिला, आप्पांना अभिमान वाटला, म्हणून मी आले. आई आजारी असतानाचे फोन, सीमा बंद असतानाचे महिने, सगळ्याच्या खाली मी ती पेढ्यांची पेटी टेकू म्हणून लावलेली होती. ती काढली तर काय काय कोसळेल याचा मला अंदाज नव्हता. हे असं आता लिहिताना सुचतं. तेव्हा मी फक्त फ्रीज पुसत होते. अपराधी वाटलं की मी फ्रीज पुसते. त्या महिन्यात आमचा फ्रीज शोरूममधल्यासारखा होता.

त्याच आठवड्यात फार्मसीत एक चिनी आजी आल्या. बरोबर पन्नाशीचा मुलगा. नवी गोळी सुरू होऊन पंधरवडा झाला होता. मी विचारलं, काही त्रास होतोय का? मुलानं त्यांना विचारलं. आजी बोलायला लागल्या. छातीवर हात ठेवला, मग गुडघ्यावर, मग खिडकीबाहेर बोट दाखवलं, मग डोळे पुसले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "शी इज गुड."

मी ताठ झाले. माझा कोट पांढरा आहे आणि असे प्रसंग आले की तो जास्त पांढरा होतो. "त्या बरंच काही बोलल्या. कृपया मला सगळं सांगा. एकही शब्द गाळू नका, हे महत्त्वाचं असतं."

त्यानं सुस्कारा टाकला. "ती खूप बोलते हो. घरची आठवण येते म्हणते. शी इज गुड."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मीच नजर काढून घेतली आणि बाटलीवर लेबल चिकटवायला लागले. रोज एक, जेवणानंतर. लेबलावरचा शब्द मी कधी बदललेला नाही, नोकरी जाईल.

घरी आले, गाडी उभी केली, वायपरमधली फुलं काढली. आज ईराला सांगायचंच, असं रस्ताभर घोकलं होतं. आत आले तर ती लॅपटॉप मिटत होती. "सबमिट केलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "अरे वा." आणि फ्रीजकडे गेले.

सप्टेंबरच्या शेवटी शाळेत कार्यक्रम होता. मुलं आपलं काम सांगणार, घरच्यांनी यायचं, येताना खायचं काहीतरी आणायचं. मी शंकरपाळे नेले. लायब्ररीत खुर्च्या मांडल्या होत्या. आप्पा सूटचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. पायात, देवाच्या कृपेनं, बूट होते. मी त्यांच्या शेजारी बसले. आत खोल कुठेतरी वाटत होतं की आता मिस टॅलबट उठून सांगणार, या मुलीचं काम तपासलेलं नाही, कारण तिची आई.

ईरा उभी राहिली. तिनं एक कळ दाबली आणि त्या लायब्ररीत, एवढ्या इंग्रजी पुस्तकांच्या मध्ये, आप्पांचा आवाज आला. साताऱ्याचा, थोडा फुटका, घसा साफ करून सुरू झालेला. आप्पा ताठ बसले. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. मी ती वाचायला लागले. ते माझं भाषांतर नव्हतं.

बाबा रे, हिला नापास कर. पोरीचा अपमान नको. त्या ऐकायच्या पेपरात तेवढं बघ.

लोक हसले, अगदी मनापासून. मागच्या गल्लीतून जायचो, त्याचं तोंड बघायला नको वाटायचं. लोक हसायचे थांबले.

एकही शब्द सुटला नव्हता. 'रुसता' हा शब्द इंग्रजीत जात नाही, तर तिनं तो तसाच ठेवून खाली समजावला होता. हिला सगळं येत होतं. अठरा वर्षं ही पोरगी माझ्या घरात सगळं ऐकत होती. पत्त्यांच्या डावातलं, फोनवरचं, नितीनशी मी दार लावून केलेलं भांडण, आईच्या वेळचं रडणं. उत्तर इंग्रजीत येतं म्हणून मी धरून चालले होते की ऐकणंही इंग्रजीतच होत असेल.

"हा माझा पहिला स्रोत," ईरा म्हणाली. "दुसरा स्रोत माझी दुभाषी. ती माझी मम आहे." कळ दाबली. माझा आवाज आला. "ट्रॅफिक."

लोक पुन्हा हसले. मीसुद्धा हसले, काय करणार!

"ममनं खोटं सांगितलं असं मी म्हणत नाहीये," ईरा म्हणाली. "तिनं तर सही पण केलीय. अमेरिकेच्या त्या कागदांमध्ये पण हेच आहे, एवढंच मला म्हणायचंय. मागे राहिलेल्यांचं आपल्याला जे काही माहीत आहे, ते बहुतेक गेलेल्यांनी सांगितलेलं आहे. आणि गेलेली माणसं आवरून सांगतात."

मिस टॅलबटनी मागून विचारलं, "आणि तू? तू काही आवरलंस का?"

ईरा म्हणाली, "हो. एक जागा मी कापली. कापलीय असं लिहून कापली. मम चहा बघायला जाते ती."

"का कापली?"

"चहा नव्हता," ईरा म्हणाली, आणि जाऊन बसली.

लोकांना ते कळलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या. मिस टॅलबट वाजवत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मार्चसारखंच प्रेमळ, पण आता बस चुकलेल्या माणसाकडे बघितल्यासारखं नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्याकडे बघावं तसं.

गाडीत बसलो. नितीन उशिरापर्यंत कामावर होता, त्यामुळे मी चालवत होते. आप्पा माझ्या शेजारी, ईरा मागे. पार्किंगमध्ये वाऱ्यानं गाडी डुलत होती. किल्ली लावली आणि आप्पा म्हणाले, "वैशू, काय म्हणाली गं ती? लोक दोनदा हसले. आणि तुझा आवाज पण लावला. ट्रॅफिक म्हणालीस तू. माझ्या मुलाखतीत ट्रॅफिक कुठनं आलं?"

आरशात ईरा दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे ऐकत होती. एवढं आता मला कळायला लागलं होतं.

मी म्हणणार होते की छान बोलली, तुमचं कौतुक केलं. वाक्य तयारही होतं. किल्लीवरचा हात काढला आणि सगळं सांगितलं. तिनं काय लावलं, काय लिहिलं, मी काय सांगितलं होतं, काय गाळलं, ट्रॅफिक कुठून आलं, लोक कुठे हसले आणि कुठे थांबले. चहाचंही सांगितलं. इंग्रजीतून मराठीत आणताना मी दोनदा अडखळले. तसंच राहू दिलं.

आप्पांनी कोटाची बटणं काढली. मग म्हणाले, "ट्रंक कॉलवर मधे बोलणाऱ्याला आमच्याकडं मेमो मिळायचा."

"हो."

"तुला दिली आहे का वॉर्निंग बाईंनी?"

"नाही."

"नशीब."

मागे ईरा हसली. मला धीर आला. मुलाखतीपासून न विचारलेलं विचारलं. "आप्पा, गणपतीला नुसतं सांगितलंत? नवस नाही बोललात?"

"नाही बोललो."

"का?"

आप्पा काच खाली करायचं बटण शोधत होते. त्यांना ते कधीच सापडायचं नाही. "नवस बोललो असतो तर झाली असतीस ना नापास," ते म्हणाले.

बटण सापडलं. काच खाली गेली आणि वारा आत आला.

घरी पोचल्यावर आप्पा आत गेले. ईरा गाडीपाशीच थांबली. "हे शेवटचं माझ्याकडे नाहीये," ती म्हणाली. "हेच खरं उत्तर होतं."

"घाल की मग."

"मुदत संपली, मम. कारण काहीही असो."

ऑक्टोबरमध्ये आप्पा परत गेले. ईराचा निकाल चांगला लागला. त्या पाठोपाठ डनीडनच्या हॉस्टेलचं पत्र आलं, आणि मी फार्मसीत सगळ्यांना बर्फी वाटली. पत्र येण्याआधीचे आठवडे मी कसे काढले ते कुणी विचारलं नाही. आमच्या कोपऱ्यावर गणपती नाही, डेअरी आहे. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. दूध आणायला म्हणून मी तिथं बऱ्याचदा गाडी थांबवायचे. दूध घरात होतं.

आप्पांचं ते वाक्य मात्र कुठेच गेलं नाही. निबंधात नाही, रेकॉर्डिंगवर नाही, शाळेच्या फायलीत नाही. मिस टॅलबट घेणार नाहीत, आणि नियम मला आता पाठ आहेत. यंदाचं पहिलं फूल वायपरमध्ये दिसलं तेव्हा वाटलं, निदान इथं लिहून ठेवावं. जसं बोलले तसं लिहिलंय. 'ना' पण त्यांचाच आहे.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. मी कामं बाजूला ठेवून बसते. ते पाण्याच्या टाकीचं सांगतात, शेजारच्या मांजराचं, गुडघ्याचं. मधेच गप्प होतात. पूर्वी मी त्या जागा लगेच काहीतरी बोलून भरून काढायचे. हल्ली थांबते. पलीकडे सातारा ऐकू येतो, एखादी गाडी, भांड्यांचा आवाज, आप्पांचा श्वास.

त्या परीक्षेत मला सगळ्यात जास्त गुण लिसनिंगच्या पेपरात पडले होते.